एकट्याने पॉज काढायचा नाही

१

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर जबड्यांचे साचे पाठवतात, मी त्यांवर मेण चढवते, दात बसवते, घासते, चकाकी आणते. मग डॉक्टर ती कवळी जणू आपणच केली अशा थाटात रुग्णाच्या तोंडात घालतात. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, या तक्रारीतला निम्मा भाग तरी मी मिटवते, असं मी पाहुण्यांना सांगते. पाहुणे हसतात आणि लगेच तोंडावर हात धरतात, कारण मी त्यांचे दात बघेन अशी त्यांना धास्ती असते. मी बघतेच.

कामाची खोली मागे, स्वयंपाकघराला लागून आहे. सकाळभर घासायची मोटर चालू असते. दुपारची जेवणं झाली की मी ती बंद करते, हातावरची पांढरी पूड धुते आणि आत्याच्या खोलीत जाऊन बसते. त्या वर्षात हा माझा नेमच झाला होता. आत्याला झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, आणि आम्ही तिला तिच्या घरून आमच्याकडे आणलं. तिचं करायला सिस्टर होत्या, पण दुपारी त्या आपल्या घरी जाऊन यायच्या. तेवढा वेळ घरात आम्ही दोघीच असायचो.

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. जन्मभर लोकांना एकमेकांशी जोडून दिलं आणि शेवटी तिचीच लाइन कट झाली. हा विनोद तिनेच केला असता. तिला आता करता येत नव्हता, म्हणून तिच्या वतीने मी करायचे. ती खिडकीकडे बघत राहायची.

डॉक्टर म्हणाले होते, त्यांना जे आवडायचं ते समोर ठेवत जा, कशाने काय हलेल सांगता येत नाही. मी गाणी लावली, फोटो दाखवले. मग तिचं बंद घर आवरताना माळ्यावर टॉवेलात गुंडाळलेला व्हिडिओ गेम सापडला. राखाडी डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. मी तिथेच माळ्यावर बसून रडले. मग शिंका सुरू झाल्या, कारण धूळ फार होती.

२

आई गेली तेव्हा मी लहान होते. बाबांची नोकरी फिरतीची. त्यांनी मला 'थोडे दिवस' म्हणून आत्याकडे ठेवलं आणि ते थोडे दिवस माझं लग्न होईपर्यंत पुरले. आत्या एकटी राहणारी, मुलाबाळांची तिला सवय नाही, आणि मी तर बोलतच नव्हते. त्यात हट्ट काही नव्हता. शब्द घशापर्यंत यायचे आणि तिथेच बसून राहायचे. आत्याने रागावून पाहिलं, गोड बोलून पाहिलं, आणि एके दिवशी कामावरून येताना ती हा डबा घेऊन आली. तिच्या कुणा मैत्रिणीच्या मुलाला तो नकोसा झाला होता.

कॅसेटवरचं नाव आम्हाला न येणाऱ्या लिपीत होतं आणि तेही अर्धं सोललेलं. म्हणून आम्ही खेळाला नुसतं 'खाण' म्हणायचो. अंधाऱ्या खाणीतून दोन कामगार चालत जातात, एक लाल टोपीचा, एक निळ्या टोपीचा. लाल मी, निळी आत्या. या खेळात एक गोष्ट मला फार आवडायची. दोघांतलं एक जरी मागे राहिलं, तरी पडदा पुढे सरकायचा नाही. पुढच्याने कितीही उड्या मारल्या तरी मागच्याला सोबत घेतल्याशिवाय सुटका नव्हती.

आत्या भयंकर खेळायची. खड्डा आला की ती आधी जागच्या जागी दोन बारीक उड्या मारायची आणि मग तिसरी, खरी. "अंदाज घेते गं," म्हणायची. अंदाज घेऊन घेऊन ती बरोबर खड्ड्यात पडायची. एकदा अशीच पडली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, मूर्खासारखी काय पडतेस!" कित्येक महिन्यांनी मी बोलले होते. आत्याने रिमोट खाली ठेवला, स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. ती भांडी आधीच घासून ठेवलेली होती, हे माझ्या लक्षात यायला मला मोठं व्हावं लागलं.

आज मी चारचौघांत बोलते, भांडते, डॉक्टरांना तोंडावर सांगते की तुमचा साचा चुकलाय. ते सगळं त्या राखाडी डब्याचं देणं आहे. यंत्राचे आभार मानायचे असतात की नाही, मला ठाऊक नाही. मी मानते.

त्या काळी खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. बंद केला की पुन्हा पहिल्या खड्ड्यापासून. आत्याची कामाची वेळ झाली की आम्ही मधलं बटण दाबून खेळ पॉजवर टाकायचो, टीव्ही बंद करायचो, डबा मात्र चालू ठेवायचो आणि त्याच्या लाल दिव्यावर रुमाल टाकायचो. घरात त्यावर एकच कायदा होता. एकट्याने पॉज काढायचा नाही. आत्या घरी यायची, चहा प्यायची, मांडी घालून बसायची, आणि मगच मी बटण दाबायचे. एवढं करूनही शेवटापर्यंत आम्ही कधी पोचलो नाही. कधी वीज जायची, कधी कुणाचा तरी पाय वायरीत अडकायचा. खाणीच्या शेवटी काय आहे ते आम्हाला कधी कळलं नाही.

३

माझा नवरा लिफ्टचा मेकॅनिक आहे. त्याने कुठून तरी जुना, पाठ फुगलेला टीव्ही मिळवला, बैठकीच्या खोलीत मांडला आणि डबा जोडून दिला. आम्ही आत्याला खुर्चीत बसवलं, चालत्या डाव्या हातात रिमोट दिला. खाणीची ती टिणटिण धून सुरू झाली आणि माझ्या अंगावर काटा आला. आत्या भिंतीवरच्या डागाकडे बघत होती. पाच-दहा मिनिटांनी रिमोट तिच्या हातातून मांडीवर घसरला. मी म्हटलं ठीक आहे, निदान मला तरी बरं वाटलं.

काही दिवसांनी, दुपारी, आत्या आत झोपलेली असताना, मला ती धून पुन्हा ऐकावीशी वाटली. मी कॅसेट काढली, फुंकर मारली, बसवली. जुन्या सवयीने दोघांचा खेळ निवडला गेला. लाल टोपीवाला चालू लागला आणि पडद्याच्या काठाशी जाऊन अडला, कारण निळी मागे उभी होती. उठून दुसऱ्या रिमोटने तिला पुढे आणावं म्हणून मी हात टेकला.

निळी चालायला लागली. पहिल्या खड्ड्यापाशी थांबली. दोन बारीक उड्या, मग तिसरी. आणि पडली.

खरं सांगते, आधी मला हसूच आलं. "पडलीस ना," असं मी म्हणालेसुद्धा. मग दुसरा रिमोट कुठे आहे ते मी पाहिलं. तो टीव्हीच्या बाजूला, स्वतःच्याच वायरीने गुंडाळलेला, आम्ही ठेवला तसा पडला होता.

मी काही भूतखेत मानणारी बाई नाही. पडकी तोंडं बघण्यात जन्म गेला माझा. मी स्वतःची समजूत घातली की जुनं यंत्र आहे, आतले पत्रे गंजले असतील, बटण आपोआप दाबलं जात असेल. संध्याकाळी नवऱ्याकडून रिमोट उघडून घेतला. आत वायर तुटलेली होती. हा मेलेला आहे, यातून काही जाणार नाही, असं तो म्हणाला. मग मला बरं वाटावं म्हणून त्याने सांगितलं की रिकामी लिफ्टसुद्धा कधीकधी वर जाते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, कुणीतरी बटण दाबून निघून गेलेलं असतं. मला बरं वाटलं. नंतर त्या वाक्याचा मी नीट विचार केला आणि वाटेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या रिमोटची पिनच डब्यातून काढून ठेवली. निळी तरीही आली.

४

मी घाबरायला हवं होतं. पण एखाद्या रिकाम्या घराची घंटा दाबावी आणि आतून आपल्या माणसाने "आले, आले" म्हणावं, तेव्हा माणूस घाबरतो की धावतो? मी रोज दुपारी खेळायला लागले. आत्याला आत झोप लागली की बाहेर निळी जागी व्हायची. आत्या जागी असेल तर निळी पुतळ्यासारखी उभी राहायची, पडदा अडून बसायचा आणि मी मुकाट्याने खेळ बंद करायचे.

यातला संबंध मी सुरुवातीला मनावर घेतला नाही. मग एकदा खेळ संपवून आत गेले तर आत्याच्या वरच्या ओठावर घाम होता. डाव्या अंगठ्याचं टोक लाल झालं होतं, आणि तिथे रिमोटच्या गोल बटणाएवढा खळगा होता. बघता बघता तो भरून आला. मी तो अंगठा हातात धरून बसले. आत्याने माझ्याकडे पाहिलं. भिंतीकडे, खिडकीकडे नाही, माझ्याकडे. वर्षभरात पहिल्यांदा.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत आनंदाचे होते, हे लिहिताना मला लाज वाटत नाही. आत्याचे गाल भरले. सिस्टर म्हणाल्या, काय जादू केलीत? खेळताना मी निळीशी मोठ्याने बोलायचे. मुलं का झाली नाहीत, बाबा कसे गेले, नवऱ्याशी अबोला कसा धरायचा आणि कसा सोडायचा, जे तिला सांगायचं राहून गेलं होतं ते सगळं. निळी खड्ड्याशी दोनदा उडी मारायची. ते मला पुरत होतं. कामं तुंबली. एका डॉक्टरांनी फोन करून विचारलं की त्यांच्या रुग्णाने किती दिवस खिमट खायचं. मी म्हटलं, खाऊ द्या, पचायला चांगलं असतं.

एक गोष्ट मात्र मला दिसत होती आणि मी ती बघत नव्हते. निळी आता पडत नव्हती. दिवसागणिक तिची उडी लांब होत होती. आम्ही लहानपणी कधी पाहिले नव्हते असे भाग येत होते, खाणीच्या भिंती फिकट होत चालल्या होत्या. आणि आत्या जागी राहण्याचा वेळ कमी होत होता. आधी ती दुपारपुरती झोपायची. मग सकाळीही.

५

आत्याच्या छातीत कफ भरला. डॉक्टर आले, तपासलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाले की आता दवाखान्यात नेऊन फक्त हाल होतील, मन घट्ट करा. ते गेल्यावर सिस्टरही औषधं आणायला गेल्या. आतून तिचा घरघरणारा श्वास ऐकू येत होता. मी काय करावं? मी टीव्ही लावला. मला दुसरीकडे कुठे ती भेटणार होती?

निळी आली. पण त्या दिवशी ती अडखळत होती. दोन पावलं टाकायची आणि थांबायची. आतला श्वासही तसाच, दोन ओढायचा आणि थांबायचा. मग एक मोठा खड्डा आला. निळीने उड्या न मारता सरळ झेप घेतली, आणि आतून एक श्वास असा खोल ओढला गेला की मला कळलं, हा शेवटचा. माझा अंगठा माझ्या आधी हलला. मी मधलं बटण दाबलं.

निळी खड्ड्यावर अधांतरी थांबली. धून थांबली. आतली घरघरही थांबली.

मी आत धावले. आत्या पडून होती, अंग कोमट, चेहरा गुलाबी. छाती फुगलेली. मी टीव्ही बंद केला, डबा चालू ठेवला आणि दिव्यावर रुमाल टाकला. मला फार हलकं वाटत होतं. सांभाळून ठेवलं होतं मी तिला.

डॉक्टर दोन दिवसांनी आले तेव्हा ती तशीच होती. त्यांनी नळी कानाला लावून बराच वेळ ऐकलं. मग नळी पिशवीत ठेवली, आहे तसंच राहू द्या म्हणाले आणि चहा न घेता गेले. ते चहा कधी सोडत नसत. सिस्टरनी मात्र मला स्वयंपाकघरात गाठलं. त्या अनुभवी बाई होत्या, कितीतरी म्हाताऱ्या माणसांचं त्यांनी केलं होतं. नखं वाढलेली नाहीत म्हणाल्या. कुशीवर वळवलं तर चादरीला सुरकुती नाही. नाकातल्या नळीला सिरिंज लावून दूध घातलं तर ते खाली उतरत नाही. मी म्हटलं, नळी तुंबली असेल.

"ताई, मी परवापासून बघतेय," त्या हळूच म्हणाल्या. "श्वास आत गेलेला दिसतो. बाहेर येताना मी पाहिलेला नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीच्या बाळंतपणाचं कारण सांगितलं आणि काम सोडलं. त्यांची मुलगी शाळेत जात होती.

६

घर शांत झालं. मी मोटर लावत नव्हते, कारण वायरिंगवर ताण येऊन फ्यूज उडाला तर? फ्रीज बंद ठेवला. इस्त्री काढली नाही. बैठकीच्या खोलीत मी भिंतीला धरून चालायचे, वायरीपासून लांब. रुमालाखालचा दिवा दिवसाही दिसायचा. आणि सगळ्या घरात एक बारीक घुं असा आवाज भरून राहिला होता, अडॅप्टरचा. भांडी घासतानाही तो ऐकू यायचा. तो थांबेल या भीतीने मी नळही बारीक सोडायचे.

नवऱ्याने काही विचारलं नाही, हे त्याचं मोठेपण. मग एका दुपारी तो लवकर आला, भिंतीपाशी वाकला आणि अडॅप्टरला हात लावून चटकन मागे घेतला. त्याचं प्लास्टिक पिवळं पडून मऊ झालं होतं. हे किती दिवस चालू आहे, जळेल की सगळं, म्हणत त्याने बटणाकडे हात नेला. मी त्याचं मनगट धरलं. इतक्या जोरात की माझी नखं रुतली. आमच्या लग्नात मी त्याला कधी असं धरलं नव्हतं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग आत्याच्या खोलीकडे. मग रुमालाकडे. तो दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरींत लोंबकळून काम करणारा माणूस आहे, त्याला फार सांगावं लागत नाही.

"लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आम्ही आधी लिफ्ट बघत नाही," तो म्हणाला. "आधी हाक मारून विचारतो, आत कुणी आहे का. असलं तर आधी त्याला बाहेर काढायचं. वर नाहीतर खाली, कसंही. मध्ये ठेवायचं नाही." थोडं थांबून त्याने विचारलं, "आत कुणी आहे का?"

मी आत गेले. इतके दिवस मी आत्याला दारातूनच बघत होते, हे मला तेव्हा उमगलं. आता मी तिच्या अगदी जवळ वाकले. तिचे डोळे अर्धवट मिटलेले होते, पापण्या खाली येता येता अडलेल्या. डाव्या डोळ्यातून एक थेंब निघून गालावर आला होता आणि तिथेच थांबला होता. ओला, गोल, सुकलेला नाही, ओघळलेला नाही. मी तो बोटाने पुसायला गेले. बोट ओलं झालं नाही.

त्या पापण्यांच्या फटीत तिची बुबुळं मात्र हलली. अगदी किंचित, माझ्याकडे. झोपलेल्या माणसाची नजर नव्हती ती. इतके दिवस श्वास कोंडून धरलेल्या माणसाची होती.

मी तिच्या उशाशी बसून ढसाढसा रडले. मला वाटलं होतं, मी तिला सांभाळतेय.

७

पॉज काढायचा तर ती शेजारी हवी, घराचा कायदा होता. डबा हलवता येत नव्हता, वीज तुटली असती. मग आत्यालाच बाहेर आणायचं ठरलं. तिची खाट चाकांची होती पण दारातून जाईना, तेव्हा नवऱ्याने बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दारच उतरवलं. खाट सरकवत आम्ही टीव्हीसमोर आणली. बाहेर लख्ख दुपार होती, शेजारी कुणीतरी सतरंज्या झटकत होतं. मी खाटेला पाठ टेकून जमिनीवर बसले. तुटका रिमोट आत्याच्या हातात दिला. तो गळून पडू नये म्हणून नवरा उशाशी उभा राहिला आणि तिचे दोन्ही हात रिमोटसकट आपल्या हातांत धरले.

मी टीव्ही लावला. निळी खड्ड्यावर अधांतरी होती, तशीच.

"आत्या, आले गं मी," म्हटलं, आणि बटण दाबलं.

माझ्या मानेवर मागून एक लांब, ऊन श्वास आला. त्याला औषधांचा वास होता. निळी पलीकडे उतरली.

मग आम्ही जे खेळलो त्याला तोड नाही. मी पडद्यावरून नजर काढली नाही, तसं करायचं नसतं. निळी पुढे, मी मागे. ती आता पाण्यासारखी वाहत होती, पण प्रत्येक खड्ड्यापाशी दोन बारीक उड्या मारायला विसरत नव्हती, निव्वळ मला हसवायला. माझ्या मागे तिचा श्वास चालू होता. खड्डा आला की थांबायचा, पलीकडे पोचलो की सुटायचा. मी तिला सगळ्यासाठी धन्यवाद म्हणत होते, मोठ्याने, एकामागून एक. डब्यासाठी, नळ सोडून घासलेल्या भांड्यांसाठी, मला वाढवताना एकदाही 'थोडे दिवस' हे शब्द न उच्चारल्याबद्दल. नवरा काही बोलला नाही.

खाण संपली. पुढे पांढरी भिंत होती आणि तिच्यात एक साधं दार. ना राक्षस, ना खजिना. निळी दारात जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडे तोंड करून थांबली. मी लालला तिच्या शेजारी नेलं. आत जायला वरचं बटण दाबायचं, हे मला कुणी सांगायला नको होतं. माझा अंगठा त्यावर टेकला. आत काय आहे ते बघायची मला फार इच्छा झाली. इतकी, की स्वयंपाकघर, मोटर, मागे उभा असलेला नवरा, सगळं मला लांबचं वाटलं. अडॅप्टरचा तो बारीक घुं आवाज आता माझ्या छातीतून येत होता. मी श्वास आत घेतला आणि तो बाहेर सोडायची मला आठवणच राहिली नाही.

तेवढ्यात खांद्यावरून एक हात पुढे आला. मी फक्त बोटं पाहिली, डोळ्यांच्या कोपऱ्यातून. हात उजवा होता. त्या बोटांनी माझा अंगठा धरला, बटणावरून अलगद उचलला आणि बाजूला ठेवला, लहान मुलाचा हात गरम भांड्यावरून काढावा तसा.

निळी एकटीच आत गेली. दार मिटलं. पडद्यावर त्या अनोळखी लिपीतली अक्षरं वर सरकायला लागली आणि मी आधी कधी न ऐकलेली एक धून वाजली. ती पूर्ण होईपर्यंत मी हलले नाही. मग अडॅप्टरमधून जळका वास आला आणि टीव्हीवर मुंग्या आल्या. माझा अडकलेला श्वास सुटला आणि मी मागे वळले.

आत्याचे डोळे पूर्ण मिटलेले होते. गाल कोरडा होता. नवरा उशाशी तसाच उभा होता, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरून. त्याचा चेहरा ओला होता.

"कधी गेली?" मी विचारलं.

"तू बटण दाबलंस तेव्हाच," तो म्हणाला. "एकदा श्वास सोडला, मग परत घेतलाच नाही. हात तेव्हापासून गार होत गेले. मी तुला सांगणारच होतो, पण तुम्ही दोघी खेळत होतात."